मांडी तारीख पाळत नाही

ठाण्याचा बाळकुम नाका मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते. जुन्या आग्रा रोडवरचे हे गाव आता गोदामांसाठी ओळखले जाते. कशेळी, काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ अशी एकाला एक लागून गोदामे, रस्त्यावर कंटेनरची रांग आणि डोक्यावर मेट्रो ५ ची मार्गिका. या पट्ट्यातला मूळ खेळ कबड्डीचा, जोडीला टेनिस चेंडूचे क्रिकेट. फुटबॉल त्यांच्यामागून आला आणि ठाणे-भिवंडी परिसरात तासावर भाड्याने मिळणाऱ्या टर्फमुळे झपाट्याने रुजला. दिवसभर कामावर किंवा कॉलेजात असलेली मुले रात्री दिव्यांच्या उजेडात उतरतात. तासाचे पैसे मोजलेले असतात, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून पूर्ण वेगाने खेळ सुरू होतो. अंग गरम करायला दहा मिनिटे घालवणे म्हणजे भाड्यातली दहा मिनिटे वाया घालवणे, असा सरळ हिशेब. मग कधीतरी एखादा मुलगा चेंडूमागे धावताना अचानक थबकतो आणि हात मांडीच्या मागे जातो. त्यानंतर घरचे, मित्र, मंडळाचे कार्यकर्ते आणि तो स्वतः एकच प्रश्न विचारतात: किती आठवडे?

हा प्रश्न चुकीचा आहे, आणि हॅमस्ट्रिंगची दुखापत पुन्हा पुन्हा होते ती बहुतेक वेळा याच प्रश्नामुळे, असे माझे म्हणणे आहे. तारखेवर भरवसा ठेवून मैदानात परतलेला खेळाडू आणि कसोटी पार करून परतलेला खेळाडू यांत फार मोठा फरक असतो. तो फरक मोजायला महागडे यंत्र लागत नाही. कशेळीत जे आहे तेवढ्यावर काम भागते.

आधी मुळात काय होते ते पाहू. मांडीच्या मागे तीन स्नायू आहेत; त्यांनाच मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. बसताना जमिनीला टेकते त्या कमरेच्या हाडापासून ते निघतात आणि गुडघा ओलांडून नडगीच्या दोन्ही बाजूंना जोडले जातात. म्हणजे ते दोन सांध्यांवर काम करतात: मांडी मागे खेचायची आणि गुडघा दुमडायचा. यांतला बाहेरच्या अंगाचा, ज्याला वैद्यकात बायसेप्स फिमोरिस म्हणतात, तो धावताना सर्वांत जास्त दुखावतो. जोरात धावणाऱ्याचा पाय पुढे झेपावतो, नडगी सुसाट पुढे फेकली जाते आणि टाच जमिनीला लागण्याच्या जरा आधी तिला आवर घालण्याचे काम या स्नायूवर येते. त्या क्षणी तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी आवळत असतो. सुटलेल्या गाडीला ब्रेक लावावा तसे. ब्रेक तोकडा पडला की तंतू तुटतात. कोणी धक्का दिलेला नसतो, कोणी पाय घातलेला नसतो. म्हणून तर पाहणाऱ्यांना वाटते, काही झाले नाही, उगाच बसला. कबड्डीत चढाई करणारा पाय लांबवून बोनसची रेषा गाठायला जातो तेव्हाही ताण याच स्नायूवर येतो, पण तिथे तो मंदगतीने आणि टोकापर्यंत ताणला जातो. त्या प्रकारची दुखापत वरवर सौम्य दिसते आणि भरायला मात्र जास्त काळ घेते. स्वीडनच्या कार्ल आस्कलिंग यांनी धावपटू आणि नर्तक यांच्या दुखापतींची तुलना करून हे दाखवून दिले आहे.

आता तारखांकडे वळू. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या दुखापतींची नोंद यान एकस्ट्रँड आणि त्यांचे सहकारी २००१ पासून सलग ठेवत आले आहेत. त्यांच्या नोंदीत २००१-०२ च्या हंगामात एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या. २०२१-२२ मध्ये हा वाटा २४ टक्क्यांवर गेला. याच अभ्यासात अशा दुखापतीमुळे खेळाडू बाहेर राहण्याचा मध्यक १३ दिवसांचा आहे. आपल्याकडचे ‘दोन आठवडे’ असेच कुठून तरी आलेले असतात. पण त्याच अभ्यासातला पुढचा आकडा कोणी सांगत नाही. नोंदलेल्या दुखापतींपैकी १८ टक्के दुखापती जुनीच जागा पुन्हा फाटल्याच्या होत्या, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त मैदानात परतल्यावर दोन महिन्यांच्या आत झाल्या. ज्या क्लबांकडे पूर्णवेळ डॉक्टर आहेत, खेळाडू किती मीटर कोणत्या वेगाने धावला हे मोजणारी उपकरणे आहेत, तिथली ही गत आहे. १३ दिवस हा बरे होण्याचा कालावधी आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. खेळाडूला मैदानात उतरवायला इतके दिवस लागले, एवढेच तो आकडा सांगतो.

दुखणे आणि दुखापत यांचा वेग वेगळा असतो, हे इथले मर्म आहे. तंतू तुटले की पहिले काही दिवस रक्त साकळते, सूज येते, ठणका लागतो. शरीर मेलेले तंतू साफ करते आणि नव्यांची बांधणी सुरू करते; फटीत आधी कच्चा जोड बसतो. आठवडा-दहा दिवसांत चालताना काही जाणवेनासे होते, जिने चढता येतात, हलके धावताही येते. पण तो जोड अजून कच्चा असतो. शिवाय दुखण्याच्या काळात मेंदूने त्या स्नायूला पूर्ण जोर लावू न देण्याची सवय लावून घेतलेली असते. ताणलेल्या अवस्थेतली ताकद सर्वांत शेवटी परत येते आणि नेमकी तीच धावताना लागते. म्हणजे रोजच्या चालण्याफिरण्यात जी उणीव कधीच कळणार नाही ती पहिल्या स्प्रिंटला उघडी पडते. चाळीत, गोदामात, बसमध्ये मांडी ठणठणीत वाटते, आणि रविवारी टर्फवर विसाव्या मिनिटाला तीच जागा पुन्हा जाते.

यावर कोणी म्हणेल की मग एमआरआय काढावा आणि चित्र स्वच्छ दिसेपर्यंत थांबावे. तेही तितकेच फसवे आहे. नेदरलँड्सच्या गुस रुरिंक यांनी सर्व तपासण्या पार करून खेळायला परतलेल्या खेळाडूंचे एमआरआय काढले, तेव्हा ८९ टक्के जणांच्या स्नायूत दुखापतीच्या खुणा तशाच दिसत होत्या. चित्र स्वच्छ होण्याची वाट पाहणारा विनाकारण महिनोन्‌महिने घरी बसेल. तारीख घाई करायला लावते, चित्र उशीर करायला लावते. स्नायू काय करू शकतो हे त्यालाच करायला लावून पाहणे, एवढाच खात्रीचा मार्ग उरतो.

एका दुखापतीचा काळ दुसरीला लावता येत नाही, कारण हॅमस्ट्रिंग हे एकाच नावाखाली दडलेले अनेक आजार आहेत. ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्सने २०१४ मध्ये केलेल्या वर्गवारीत शून्य ते चार अशा श्रेणी आहेत आणि शिवाय फाट कुठे आहे हेही पाहिले जाते: वरच्या आवरणात, मांसात की आतल्या कण्यासारख्या कंडरेत. मांसातली लहान फाट आणि कंडरेतली फाट बाहेरून सारखीच दुखते, पण कंडरेतली कितीतरी जास्त काळ घेते आणि पुन्हा फाटायची शक्यताही जास्त. लिव्हरपूलच्या मायकल ओवेनची मांडी १९९९ च्या एप्रिलमध्ये लीड्सविरुद्ध फाटली तेव्हा तो १९ वर्षांचा होता; पूर्वीचा वेग नंतर कधीच परत आला नाही, असे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. बार्सिलोनाच्या उस्मान डेम्बेलेची कंडरा सप्टेंबर २०१७ मध्ये तुटली, शस्त्रक्रिया झाली, जानेवारीत तो परतला आणि काही दिवसांतच त्याच पायाच्या मांडीमागे पुन्हा दुखापत होऊन बाहेर गेला. इतक्या पैशाने आणि इतक्या निगराणीतही दिवस मोजून मांडी आवरता आली नाही.

कशेळीतल्या पोरांसाठी आणखी एक प्रकार फार महत्त्वाचा आहे आणि त्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. चौदा ते सतरा वयात बसण्याच्या हाडावरचा वाढीचा भाग अजून पक्का जुळलेला नसतो. स्नायू त्याच्याहून बळकट असतो. त्यामुळे या वयात मोठा झटका बसला की कधी कधी स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तुकडाच ओढून निघतो. मुलाला नितंबाच्या खाली नेमक्या हाडावर दुखते, बसता येत नाही, लंगडत चालतो. याला शीर चढली म्हणून मालिश करणे म्हणजे तुटलेले हाड चोळणे. साधा एक्स-रे ते दाखवतो. मोठ्या माणसातही ‘टप्’ असा आवाज, दोन दिवसांत मांडीभर उतरलेले काळेनिळे आणि पाय टाकता न येणे ही लक्षणे असतील तर स्नायू हाडापासून सुटला असण्याची शक्यता असते; अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञाकडे लगेच गेले पाहिजे, कारण उशीर झाला की शस्त्रक्रिया अवघड होते.

पहिला मोठा आक्षेप असा येतो: युरोपातले खेळाडू दोन आठवड्यांत परत येतात, मग आमच्या पोरांना दोन महिने का सांगता? याचे उत्तर २०१७ च्या एका डॅनिश अभ्यासात आहे. मोनिका बायर आणि सहकाऱ्यांनी मांडीच्या किंवा पोटरीच्या स्नायूची दुखापत झालेले ५० हौशी खेळाडू घेतले. निम्म्यांचा व्यायाम दुखापतीनंतर दुसऱ्या दिवशी सुरू केला, निम्म्यांचा नवव्या दिवशी. दुखणे न होता खेळात परतायला पहिल्या गटाला मध्यक ६२.५ दिवस लागले, दुसऱ्याला ८३. एका आठवड्याच्या ढिलाईने जवळजवळ तीन आठवडे वाढले. यातून दोन गोष्टी कळतात. हौशी खेळाडूचा खरा कालावधी व्यावसायिकाच्या तेरा दिवसांपेक्षा कितीतरी मोठा असतो. आणि पलंगावर पडून राहणे हा उपाय नाही. पाय उंच ठेवणे, बर्फ, क्रेप बँडेज हे पहिल्या दिवसाचे. दुसऱ्या दिवसापासून दुखण्याच्या मर्यादेत हळूहळू वजन आणि ताण द्यायला सुरुवात. आपल्याकडे या दोन्हींच्या उलट चालते: आधी पंधरा दिवस पूर्ण आराम आणि मग थेट सामना.

व्यायाम कोणता, याचाही निकाल लागलेला आहे. आस्कलिंग यांनी २०१३ मध्ये स्वीडनच्या ७५ अव्वल फुटबॉलपटूंवर दोन पद्धती तपासल्या. ज्यांच्या व्यायामात स्नायू लांबवत ताण देण्यावर भर होता ते सरासरी २८ दिवसांत पूर्ण सरावात परतले. नेहमीच्या व्यायामवाल्यांना ५१ दिवस लागले. आणि त्या खेळाडूंना तारीख दिलेली नव्हती. शेवटची पायरी म्हणून उताणे झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय जमेल तितक्या झपाट्याने वर उचलायला सांगत. जराशीही धाकधूक वाटली तर परतायचे नाही, काही दिवसांनी पुन्हा तपासायचे.

इंजेक्शनबद्दलही स्पष्ट बोललेले बरे, कारण ठाण्या-मुंबईत रक्तातले प्लेटलेट काढून पुन्हा मांडीत टोचण्याचा उपचार सहज उपलब्ध आहे आणि त्याला मोठी रक्कम मोजावी लागते. रुरिंक यांनीच २०१४ मध्ये ८० खेळाडूंवर त्याची चाचणी घेतली: अर्ध्यांना ते इंजेक्शन, अर्ध्यांना मिठाच्या पाण्याचे. दोन्ही गटांना खेळात परतायला मध्यक ४२ दिवस लागले. महिन्याच्या पगारातून किंवा घरच्यांकडून उसने घेऊन हा खर्च करणाऱ्या मुलाला हा आकडा आधी सांगायला हवा. पेनकिलर घेऊन उतरण्याची गोष्ट तर त्याहून वाईट. स्नायू देत असलेली एकमेव सूचनाच ती बंद करून टाकते.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: आमच्याकडे फिजिओ नाही, मग कसोटी घ्यायची कोणी? कसोटी एका मित्राच्या मदतीने, मोकळ्या जागेत घेता येते. मांडीमागे बोटे दाबत वरून खालपर्यंत जावे. कुठेही दुखता कामा नये. उताणे झोपून दोन्ही पाय आळीपाळीने सरळ वर न्यावेत. दोन्ही सारखे वर गेले पाहिजेत. पालथे झोपून मित्राने टाच धरावी आणि गुडघा दुमडताना विरोध करावा. दोन्ही पायांचा जोर सारखा वाटला पाहिजे. पाठीवर झोपून एक टाच स्टुलावर ठेवून कंबर उचलावी आणि प्रत्येक पायाने किती वेळा जमते ते मोजावे. आकड्यांत मोठी तफावत नको. मग धावणे: आधी निम्म्या वेगाने, काही दिवसांनी पाऊण वेगाने, शेवटी पूर्ण वेगाने, एकदा नव्हे, थकल्यावरही. इंग्लंडच्या व्यावसायिक क्लबांच्या एका जुन्या अभ्यासात अशा दुखापतींपैकी जवळजवळ निम्म्या प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या टप्प्यात झालेल्या आढळल्या होत्या. स्नायू थकल्यावर काय करतो हे पाहिल्याशिवाय कसोटी अपुरी राहते. गोदामात दिवसभर वाकून माल उचलून रात्री खेळणाऱ्या मुलाची मांडी तर सामना सुरू होण्याआधीच थकलेली असते. हे सारे निर्धोक पार पडल्यावर संघाबरोबर पूर्ण सराव, आणि मग सामना. कोणाला यासाठी तीन आठवडे लागतील, कोणाला दहा.

पण मला याहून मोठी खंत वाटते ती पहिलीच दुखापत टाळण्याबद्दल, कारण त्याचा उपाय फुकट आहे. जमिनीवर घडी घातलेला टॉवेल टाकून त्यावर गुडघे टेकायचे. मागून साथीदाराने दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे. कंबर न वाकवता, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एक फळी असल्यासारखे शरीर सावकाश पुढे झुकवत न्यायचे. जिथे आवरत नाही तिथे हातांवर पडायचे आणि हातांनीच रेटून पुन्हा वर यायचे. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचच्या दोन फेऱ्या. मग हळूहळू वाढवत आठवड्यातून तीन दिवस, बारा, दहा आणि आठ अशा तीन फेऱ्या. दहा आठवडे पूर्ण झाले की पुढे आठवड्यातून एक दिवस पुरे. नॉर्डिक नावाने ओळखला जाणारा हा व्यायाम डेन्मार्कच्या ५० संघांतल्या ९४२ खेळाडूंवर तपासला गेला; २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, व्यायाम करणाऱ्या गटात १५ आणि न करणाऱ्यांत ५२ हॅमस्ट्रिंगच्या दुखापती झाल्या. नेदरलँड्सच्या हौशी संघांवरच्या २०१५ च्या अभ्यासात हेच प्रमाण ११ ला २५ असे होते. सुरुवातीचे काही दिवस मांडी दुखते, म्हणूनच मुले सोडून देतात. पायऱ्या पाळल्या तर ते दुखणे फार राहत नाही.

एवढा गुणकारी उपाय असता तर युरोपात या दुखापतींचा वाटा दुप्पट का झाला, हा तिसरा आक्षेप. खेळ पूर्वीपेक्षा वेगवान झाला, सामने वाढले, हे खरेच. पण २०१५ च्या पाहणीत चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेतल्या क्लबांपैकी पाचांतल्या चारांहून जास्त क्लब हा व्यायाम सांगितल्याप्रमाणे करतच नव्हते, असे आढळले. न घेतलेले औषध लागू पडले नाही असे म्हणता येत नाही. वेगाने धावण्याची सवय ठेवणे हेही त्यातच येते. पावसाळाभर बंद राहून दिवाळीनंतर एकदम पूर्ण वेगात उतरणारी मांडी, दर आठवड्याला चार-सहा पूर्ण स्प्रिंट करणाऱ्या मांडीपेक्षा जास्त धोक्यात असते.

शेवटचा आक्षेप मंडळांचा: फायनल तर रविवारीच आहे. कोल्हापुरात तो सर्वांत जोरात ऐकू येतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी या संघांच्या सामन्यांना राजर्षी शाहू स्टेडियम पेठापेठांच्या गर्दीने भरते आणि हंगामात स्पर्धेमागून स्पर्धा होत राहतात. पेठेची इज्जत पणाला असताना दुखऱ्या मांडीने बसून राहणाऱ्याला घाबरट ठरवणे सोपे असते. त्या शहराचे फुटबॉलवरचे प्रेम मला मनापासून मोलाचे वाटते, म्हणूनच सांगावेसे वाटते की अर्धवट मांडीने खेळवलेला स्ट्रायकर संघाला एक सामना देतो आणि उरलेला हंगाम घेऊन जातो. मागील दुखापत हीच पुढच्या दुखापतीची सर्वांत मोठी खूण आहे, हे अभ्यासामागून अभ्यास सांगतात. कशेळीत किंमत आणखी वेगळी पडते. व्यावसायिकाला घरी बसून पगार मिळतो. रोजंदारीवरचा मुलगा मांडी फाटल्याचे लपवतो, कारण खाडा झाला की रोज बुडतो. तो खेळाआधी कामावर घाईने परततो, आणि ती घाई मांडीला खेळाइतकीच भोवते.

१५ सप्टेंबर २०१७ ला १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम झाला. पोरे खेळायला शिकली, टर्फ आले, स्पर्धा वाढल्या. आता स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी आणि टर्फच्या मालकांनी दोन गोष्टी कराव्यात. भाड्याच्या तासाआधी दहा मिनिटे अंग गरम करायला आणि गुडघे टेकायला मोफत द्यावीत. आणि मांडी धरून बाहेर गेलेल्या खेळाडूला पुढच्या सामन्याच्या यादीत घेण्याआधी त्याला पूर्ण वेगाने, थकल्यावरही, धावून दाखवायला लावावे. नॉर्डिकचे दहा आठवडे दिवाळीच्या सुट्टीत सुरू केले तर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पूर्ण होतात. टॉवेल आणि घोटे धरायला एक साथीदार, एवढेच साहित्य लागते.